शेताच्या छायाचित्रावर स्थळाची नोंद : साधन कोणतें घ्यावें ?

कागदाचें महत्त्व आपल्याकडील जमीनधारक शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, शेतसाऱ्याची पावती हे कागद तो पेटींत जपून ठेवितो. अलीकडे मात्र या कागदांच्या पंक्तींत एक नवा पुरावा येऊन बसला आहे. ज्यावर स्थळ व वेळ यांची नोंद आहे असें छायाचित्र, हा तो पुरावा होय.

सन २०२५ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली तिची आठवण ताजी आहे. मुखेड तालुक्यांत ऑगस्टमध्यें पुरानें माणसें, गुरें व घरें नेलीं. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत उभें सोयाबीन पाण्याखालीं गेलें, आणि नदीनाल्यांकांठच्या कित्येक जमिनी मातीसकट खरडून गेल्या. अशा वेळीं बांध कोठें होता, पीक कोणतें होतें व तें किती वाढलें होतें, हें दाखविणारें आदल्या महिन्याचें विश्वसनीय छायाचित्र ज्याच्यापाशीं असेल त्यास आपली बाजू मांडणें सोपें जातें. ज्याच्यापाशीं तें नसेल त्याला केवळ तोंडानें सांगावें लागतें.

येथें ‘विश्वसनीय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्यांत बुडालेलें सोयाबीन अहमदपुरास टिपलें काय किंवा नायगांवास टिपलें काय, चित्र सारखेंच दिसतें. त्या चित्राबरोबर अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ हीं जोडलेलीं असलीं म्हणजेच तें अमक्या गटाचें व अमक्या दिवसाचें आहे असें म्हणतां येतें. ही नोंद करणारीं साधनें बाजारांत अनेक प्रकारचीं मिळतात. त्यांपैकीं कोणतें साधन शेतकऱ्याच्या उपयोगाचें आहे, तें कसें पारखावें आणि कसें वापरावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

सरकारी नोंदींत या छायाचित्राचें स्थान

महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची पद्धति राज्यभर सुरू झाली. पूर्वीं गांव नमुना १२ मधील पिकाची नोंद तलाठी करीत. या पद्धतीनें शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलवरील ॲपमध्यें पीक भरावयाचें व त्याचें छायाचित्र घ्यावयाचें असतें. छायाचित्र घेतेवेळीं त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. सन २०२२ मध्यें जी सुधारित आवृत्ति आली तींत प्रत्येक गटाचा मध्यबिंदु घालण्यांत आला. छायाचित्र घेणारा त्या गटापासून दूर असेल तर तसा संदेश त्यास मिळूं लागला.

या नोंदीवर पैसा अवलंबून असतो. सन २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन उत्पादकांस हेक्टरीं ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, साहाय्य देण्याचें ठरलें, तेव्हां प्रथम ई-पीक पाहणीची नोंद हाच आधार धरण्यांत आला होता. नोंद न केलेल्यांची ओरड झाल्यावर ती अट पुढें शिथिल करण्यांत आली. पीक विम्याचेंही तसेंच आहे. सन २०२४ च्या खरिपापर्यंत स्थानिक आपत्तीनें नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आंत सूचना द्यावी लागे, आणि ती ॲपवरून देतांना नुकसानीचें छायाचित्र लागे. सन २०२५ मध्यें राज्यानें विम्याची रचना बदलली व भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर बसविली. नियम असे वर्षावर्षास बदलतात. म्हणून चालू हंगामाचा नियम गांवच्या तलाठ्यांस, ज्यांस हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अथवा कृषि सहायकांस विचारूनच घ्यावा.

यावरून साधनाच्या निवडीविषयीं पहिली गोष्ट निघते. सरकारी ॲपमध्यें जें छायाचित्र लागतें तें त्या ॲपमधूनच, मोबाईलनें, घ्यावें लागतें. दुसऱ्या कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र, तें कितीही सुरेख असलें तरी, तेथें चालत नाहीं. कॅमेरा व त्यास जोडावयाचें स्थळदर्शक उपकरण यांचा उपयोग वेगळा आहे. स्वतःच्या शेताची वर्षानुवर्षांची नोंद, बांधबंदिस्ती, फळबाग, विहीर व पाइपलाइन यांचीं चित्रें, कीड-रोगाची वाढ, पंचनाम्याच्या वेळीं दाखवावयाचा जादा पुरावा, अशा कामांस तीं उपयोगीं पडतात. हा भेद ध्यानांत न घेतां पैसे घातल्यास पुढें पश्चात्ताप होतो.

उपग्रह स्थळ कसें सांगतात

जमीन मोजण्याची जुनी रीत साखळीची. मुंबई इलाख्याच्या मोजणींत ३३ फुटांची साखळी व तिचे १६ आणे हें माप रूढ होतें, आणि त्या साखळीच्या चौरसाचा एक गुंठा होतो. विल्यम लॅम्ब्टन यानें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणींत दक्षिणेच्या टोकापासून ७८ व्या रेखांशाच्या जवळून उत्तरेकडे जी महारेषा आणली, ती आणतांनाच १८२३ सालीं हिंगणघाट येथें त्यास मृत्यु आला. एका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढण्यास त्या काळीं जड यंत्रें, उंच टेकड्या व महिनोगणती श्रम लागत. आज तेंच काम खिशांतील यंत्र अर्ध्या मिनिटांत करतें.

त्याची युक्ति अशी. अमेरिकेच्या जी.पी.एस. पद्धतीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची किमान संख्या २४ ठरविलेली आहे. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत अचूक घड्याळ असतें, व तो ‘मी अमक्या ठिकाणीं आहें आणि अमकी वेळ झाली आहे’ असा संदेश सतत पाठवितो. संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून आपलें यंत्र त्या उपग्रहाचें अंतर काढतें. तीन अंतरांवरून जागा ठरते, आणि आपल्या यंत्राच्या साध्या घड्याळांतील चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगानें येत असल्यामुळें घड्याळांत एका सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. उपग्रहांवर इतकीं मौल्यवान घड्याळें कां बसवितात, हें यावरून कळून येईल.

सन २००० च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे, आणि ती चूक सुमारे १०० मीटरांपर्यंत जाई. ती बंद झाल्यापासून हें साधन शेतीच्या कामाचें झालें. आतां रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या पद्धतीही आहेत. आपल्या इस्रोनेंही १ जुलै २०१३ रोजीं नाविक मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. जें यंत्र एकापेक्षां अधिक पद्धतींचे उपग्रह ऐकूं शकतें तें झाडझाडोऱ्यांत अधिक भरवशाचें ठरतें. विकत घेतांना ही गोष्ट अवश्य विचारावी.

उपग्रहांचा संदेश ऐकण्यास सिमकार्ड अथवा इंटरनेट लागत नाहीं. मोबाईलला जाळें असलें तर उपग्रहांची यादी तिकडून झटकन मिळते व जागा लवकर सांपडते, इतकाच फरक. जाळें नसलेल्या शिवारांत यंत्र नुकतेंच चालू केलें असेल तर त्यास थोडा वेळ द्यावा. उपग्रहाच्या मार्गाचा तपशील दर ३० सेकंदांनीं पुन्हा प्रसारित होतो, आणि सर्व उपग्रहांची पूर्ण यादी येण्यास साडेबारा मिनिटें लागतात. अनेक दिवस बंद ठेवलेलें यंत्र घेऊन शेतांत जातांच चित्र टिपणें म्हणूनच चुकीचें होय.

चूक किती, आणि गुंठ्याच्या हिशेबानें किती

चांगला मोबाईल मोकळ्या आकाशाखालीं सुमारे ५ मीटरांच्या आंत जागा दाखवितो. झाडाखालीं, उंच उसांत, केळीच्या बागेंत अथवा पत्र्याच्या गोठ्याजवळ ही चूक १० मीटर किंवा त्याहूनही अधिक होते. दाट पानांनीं संदेश क्षीण होतो व पत्र्यावर आदळून तो वळसा घालून येतो, हें त्याचें कारण.

एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर. याचा अर्थ असा कीं साध्या साधनाची चूक अर्ध्या ते एका गुंठ्याच्या बाजूएवढी धरून चालावें. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर भरते. अशा शेताच्या मधोमध उभें राहिल्यास ही चूक मुळींच बाधत नाहीं. परंतु वाटण्या होऊन जमिनीच्या लांबट पट्ट्या झालेल्या असतात. एक एकराची पट्टी २० मीटर रुंद असली तर ती सुमारे २०० मीटर लांब होते, आणि मधोमध उभें राहिलें तरी दोन्ही बाजूंचे बांध १० मीटरांवरच असतात. अशा पट्टींत बांधावर उभें राहून चित्र घेतल्यास त्याची नोंद शेजाऱ्याच्या गटांत जाऊन पडण्याचा संभव पुष्कळ आहे. चिखल टाळण्यासाठीं बांधावरूनच चित्र घेण्याची जी संवय दिसते, ती या कारणानें सोडली पाहिजे.

साधनांचे प्रकार

१. मोबाईल. पहिलें व बहुतेकांस पुरेसें साधन हेंच. स्थळ, वेळ व चित्र हीं तिन्ही एकाच यंत्रांत असल्यामुळें मेळ घालण्याची कटकट नसते. मोबाईलचें घड्याळ जाळ्यावरून आपोआप लागतें. सरकारी ॲपलाही तोच लागतो. मात्र कॅमेऱ्याच्या मांडणींत ‘स्थान’ अथवा ‘लोकेशन’ चालू आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण पुष्कळ मोबाईलांत तें मुळांत बंद असतें. त्याचे दोष म्हणजे पावसांत पडदा बोटास दाद देत नाहीं, बॅटरी लवकर उतरते व दूरच्या वस्तूचें चित्र स्पष्ट येत नाहीं.

२. लॉगर, म्हणजे वाटचालीची नोंद ठेवणारें स्वतंत्र यंत्र. हें कॅमेऱ्यास जोडावें लागत नाहीं. तें खिशांत अथवा पिशवीच्या पट्ट्यास अडकवून हिंडावयाचें. सोनी कंपनीनें २००६ सालीं आणलेला जी.पी.एस.-सी.एस.१ हा या जातीचा जुना नमुना होय. तो एका साध्या पेन्सिल सेलवर चाले व दर १५ सेकंदांस जागा लिहून ठेवी. घरीं आल्यावर संगणकांत चित्राची वेळ व वाटचालीची वेळ यांचा मेळ घालून प्रत्येक चित्रास त्याची जागा जोडीत. या जातीचा गुण असा कीं कोणताही जुना कॅमेरा चालतो. शिवाय शेताच्या कडेनें चालून आल्यास सर्व वाट नकाशावर उमटते. हल्लीं मोबाईलवरील ॲपही अशी नोंद ठेवितें, त्यामुळें वेगळा लॉगर घेण्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

या जातीचा दोष म्हणजे सारा भार घड्याळावर पडतो. शेतांतून चालणारा माणूस मिनिटास सुमारे ७५ मीटर जातो. कॅमेऱ्याचें घड्याळ एकच मिनिट मागें असलें तर चित्र ७५ मीटर सरकलें, म्हणजे चौरस एकराच्या बाहेर गेलें. दर १५ सेकंदांच्या नोंदींतही चालतांना १९ मीटरांचें अंतर पडतें. म्हणून चित्र घेण्यापूर्वीं अर्धें मिनिट एका जागीं स्तब्ध उभें राहावें.

याहून मोठी फसगत साडेपांच तासांची. लॉगर जागतिक वेळ लिहितो व आपलें घड्याळ भारतीय वेळ दाखवितें. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. संगणकास हा फरक सांगितला नाहीं तर सकाळीं ११ वाजतां टिपलेल्या चित्रास सायंकाळीं साडेचार वाजतां आपण जेथें होतों ती जागा चिकटते. सायंकाळीं आपण बाजारांत असलों तर तुरीचें शेत आडत दुकानांत जाऊन पडतें !

३. कॅमेऱ्यावर बसविण्याचें जोड-उपकरण. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश लावण्याची जी खांच असते तींत हें बसतें, आणि चित्र टिपतांच जागा त्याच चित्रांत लिहिली जाते. निकॉनचें जी.पी.-१ हें २००८ सालचें व कॅननचें जी.पी.-ई२ हें २०१२ सालचें उपकरण या जातीचें आहे. पहिलें कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चालतें व वाटचालीची नोंद ठेवीत नाहीं. दुसऱ्यास स्वतःचा सेल असतो, तें वाटचालही नोंदतें, आणि त्यांत होकायंत्र असल्यामुळें कॅमेऱ्याचें तोंड कोणत्या दिशेस होतें तेंही लिहितें. नदीकांठची जमीन कोणत्या बाजूनें खचली हें दाखवावयाचें असतां दिशेची नोंद फार मोलाची असते.

परंतु अशीं उपकरणें त्या त्या कंपनीच्या ठराविक कॅमेऱ्यांवरच चालतात. म्हणून प्रथम आपल्या कॅमेऱ्याचें नांव व क्रमांक उपकरणाच्या यादींत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच पैसे मोजावेत. जुनें उपकरण स्वस्त मिळालें तरी त्याची जोडतार व संगणकावरील कार्यक्रम आज मिळतो कीं नाहीं, ही चौकशी अगोदर करावी.

४. मोबाईलशीं बिनतारी जोडलेला कॅमेरा. अलीकडील पुष्कळ कॅमेरे ब्लूटूथनें मोबाईलशीं जोडले जातात व मोबाईलकडून जागा उसनी घेतात. याला वेगळा खर्च नाहीं, हा मोठा लाभ. धोका एवढाच कीं जोडणी मध्येंच तुटली तर कांहीं कॅमेरे जागा लिहीतच नाहींत व कांहीं जुनीच जागा लिहितात. म्हणून प्रत्येक शेतांत पहिलें चित्र घेतल्यावर तें उघडून जागा नवी आली आहे कीं नाहीं तें तपासावें.

घेण्यापूर्वीं परीक्षा

बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों. यंत्रही तसेंच पारखावें. आपल्या शेतांत मोजणीचा ठाम दगड असेल तेथें, नसल्यास विहिरीच्या काठाड्यासारख्या न हलणाऱ्या जागीं, उघड्या आकाशाखालीं उभें राहावें. तीन दिवस, सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं, त्याच जागेचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पांच घरांपर्यंत लिहावेत. असे नऊ आंकडे होतील.

आतां हें कोष्टक ध्यानांत धरावें. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्या भागांत रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. म्हणून दशांशाच्या चौथ्या घरांत एकाचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर, जवळजवळ एक गुंठ्याची बाजू. आणि पांचव्या घरांत एकाचा फरक म्हणजे सुमारे एक मीटर. नऊही आंकडे एकमेकांपासून पांचव्या घरांत पांच-सातांच्या आंत असतील तर यंत्र शेतकामास चांगलें. चौथें घरच दोन-तीनांनीं हालत असेल तर तें यंत्र अरुंद पट्टीच्या कामाचें नव्हे, मग त्याचें चित्र कितीही सुंदर येवो. मित्राचें अथवा शेजाऱ्याचें यंत्र मागून ही परीक्षा करतां येते, त्यास एक पैसाही खर्च नाहीं.

आंकडे लिहिण्याची रीत

यंत्र बरोबर असून लिहिणाऱ्याच्या हातून चूक होते, असें पुष्कळदां घडतें. अक्षांश दोन रीतींनीं लिहितात. एक अंश-मिनिटें-सेकंदांची व दुसरी दशांशाची. एका अंशाचीं ६० मिनिटें होतात, हें विसरूं नये. नांदेड शहर सुमारे १९ अंश ९ मिनिटांवर आहे. दशांशांत तें १९.१५ होतें, १९.०९ नव्हे. ही चूक केल्यास जागा साडेसहा किलोमीटर सरकते. लातूर सुमारे १८ अंश २४ मिनिटांवर, म्हणजे दशांशांत १८.४० आहे. तेथें १८.२४ लिहिल्यास शेत सुमारे १८ किलोमीटर दक्षिणेस, औशाच्या बाजूस जाऊन बसतें. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाली तर पाहावयासच नको. नांदेडचें शेत ७७ अक्षांशावर, नॉर्वेच्याही उत्तरेस बर्फाळ समुद्रांत पोहोंचतें. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अक्षांश १७, १८ किंवा १९ नें व रेखांश ७६, ७७ किंवा ७८ नें सुरू होतो, एवढें पाठ असलें तरी पुरे.

चित्रें घेण्याची व जपण्याची रीत

पेरणीनंतर उगवण झाल्यावर, फुलोऱ्यांत, काढणीपूर्वीं आणि आपत्तीनंतर लागलींच, अशीं हंगामांत निदान चार वेळां चित्रें घ्यावींत. प्रत्येक वेळीं एक चित्र गटाच्या मधोमध उभें राहून, चार चित्रें चारी कोपऱ्यांच्या थोडें आंत येऊन शेताकडे तोंड करून, आणि एक चित्र पिकाचें जवळून. शक्य तेथें विहीर, विजेचा खांब, लिंबाचें झाड अशी न हलणारी खूण चित्रांत आणावी, म्हणजे उपग्रहाची नोंद व डोळ्यांची साक्ष जुळून येते. नुकसानीपूर्वींचें व नंतरचें चित्र एकाच जागेवरून, एकाच दिशेनें घेतलेलें असलें तर शब्दांची गरजच उरत नाहीं.

मूळ चित्र कधींही छाटूं अथवा रंगवूं नये. स्थळ व वेळ यांची नोंद चित्राच्या पोटांत लिहिलेली असते, आणि दुरुस्ती करतांना ती पुसली जाण्याचा संभव असतो. व्हॉट्सॲपवर नेहमींच्या रीतीनें पाठविलेल्या चित्रांतूनही ही नोंद निघून जाते. तेंच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती शाबूत राहते. चित्राच्या खालीं जागा व तारीख छापणारीं ॲपें लोकप्रिय आहेत. तीं पाहणाऱ्यास सोयीचीं असलीं तरी छापलेलीं अक्षरें बदलतां येतात. म्हणून पोटांतील नोंदीसह मूळ प्रत वेगळी ठेवावी. मूळ प्रती दोन ठिकाणीं, एक मोबाईलबाहेर, जपाव्यात.

जोडीस एक साधी वही ठेवावी. तींत गट क्रमांक, दिनांक, वेळ, अक्षांश, रेखांश, पीक व काय दाखविलें आहे एवढ्या गोष्टी लिहाव्यात. यंत्र बिघडलें तरी वही राहते.

छायाचित्राची मर्यादा

या चित्रावरून बांधाचा तंटा तोडूं पाहणें हा मोठा भ्रम होय. पांच मीटरांची चूक असलेलें साधन हातभर सरकलेल्या बांधाविषयीं कांहींच सांगूं शकत नाहीं. हद्द ठरविणें हें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचें काम. त्या मोजणीसाठीं रोव्हर नांवाचीं जीं यंत्रें वापरतात तीं स्थिर केंद्रांच्या साहाय्यानें चूक कांहीं सेंटिमीटरांवर आणतात. मोबाईलवरील नकाशा दाखवून शेजाऱ्याशीं भांडण मांडूं नये. तसेंच प्रकरण न्यायालयांत गेल्यास, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें अशा चित्रास ठराविक प्रमाणपत्र जोडावें लागतें. त्यासाठीं चित्र कोणत्या यंत्रानें व कोणीं घेतलें हें सांगतां आलें पाहिजे. वहीचा उपयोग येथेंही होतो.

निवड कशी करावी

वरील सर्व विवेचनाचें तात्पर्य असें. ज्यास केवळ पीक पाहणी, सरकारी मदत व स्वतःची नोंद एवढेंच करावयाचें आहे त्यानें वेगळें उपकरण घेऊं नये. वर सांगितलेल्या नऊ आंकड्यांच्या परीक्षेंत उतरणारा मोबाईल, पाण्यापासून राखणारी एक पिशवी आणि चार्ज करण्याचा जादा सांठा एवढें त्यास पुरे. ज्याच्यापाशीं चांगला कॅमेरा आहे व जो फळबाग, हळद किंवा बीजोत्पादन यांची बारकाईनें नोंद ठेवितो, त्यानें प्रथम मोबाईलशीं जोडणी होते का तें पाहावें. ती होत नसेल तर मोबाईलवरच वाटचालीची नोंद ठेवून घड्याळाचा मेळ घालावा. कॅमेऱ्यावर बसणारें जोड-उपकरण, विशेषतः दिशा नोंदणारें, एकट्या शेतकऱ्यानें घेण्यापेक्षां सात-आठ जणांनीं मिळून अथवा गांवच्या सोसायटीनें घेणें शहाणपणाचें. पूर येऊन गेल्यावर एका जाणत्या तरुणानें एका दिवसांत सर्वांच्या खरडलेल्या जमिनींची नोंद करावी, हा त्याचा खरा उपयोग.

आपत्ति येण्यापूर्वीं घेतलेलें चित्र हेंच आपत्तीनंतर बोलतें. म्हणून यंत्र कोणतेंही असो, त्याची परीक्षा व पहिलीं चित्रें पावसाळ्याचा जोर होण्याच्या आधींच, पीक वीतभर असतांनाच, झालीं पाहिजेत. वैशाखांत बी-बियाणें व औजारें यांची जशी तयारी करतों तशीच ही तयारीही त्या यादींत लिहून ठेवावी.